नवशिक्याचे अज्ञान हे कुणाचे उत्पन्न?

संसदेने २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला. लोकसभेने २० तारखेला आणि राज्यसभेने २१ तारखेला विधेयक मंजूर केले. २२ तारखेला राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली. इतक्या दूरगामी विषयावर सभागृहांत पुरेशी चर्चा झाली नाही, ही टीका रास्तच आहे. तथापि कायद्याचा मूळ आशय स्वागतार्ह आहे. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळवण्यास या कायद्याने बंदी केली. खेळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. देशातील मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात आपली पैशांची टेबले बंद केली आणि त्यांच्यापैकी काही न्यायालयात गेल्या. निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

न्यायालयात जे व्हायचे ते होईल. परंतु कंपन्यांचा जो मुख्य युक्तिवाद आहे, त्याची तपासणी न्यायालयाबाहेर, लोकांमध्येही व्हावयास हवी. हा युक्तिवाद असा की, रमी हा कौशल्याचा खेळ आहे, म्हणून तो जुगार नव्हे. आपल्यापैकी पुष्कळांना तो पटतो. रमी आपल्या घराघरांत खेळली जाते आणि तिच्यात डोके लागते, हे कोण नाकारील? माझे म्हणणे असे आहे की, हा युक्तिवाद खरा धरला तरीही, किंबहुना तो खरा धरल्यामुळेच, पैशांच्या ऑनलाइन रमीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा हाती येतो. त्यासाठी या व्यवहाराकडे कंपनीच्या वा पटाईत खेळाडूच्या नजरेने न पाहता, नुकताच खेळ शिकू लागलेल्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावे लागेल.

शिकाऊ माणूस कोण आहे?

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे मी निवृत्तीनंतर राहतो. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय यांच्याभोवती हे गाव वाढले आहे. बाहेरगावाहून आलेले विद्यार्थी, पाळीपाळीने काम करणाऱ्या परिचारिका व वॉर्डातील कामगार, आणि रुग्णासोबत आलेले, दिवसचे दिवस ओट्यावर वा झाडाखाली बसून काढणारे नातेवाईक अशी येथील वस्ती आहे. या नातेवाइकांत विदर्भातील शेतकरी पुष्कळ. पूर्वी अशा ठिकाणी पंचा अंथरून चौघे मेंढीकोट मांडीत आणि भोवती दहाजण उभे राहत. अलीकडच्या काळात पंचा गेला आणि प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला. चहाच्या टपरीवर शेजारी शेजारी बसलेले तिघे तीन निरनिराळ्या टेबलांवर, कधीही न भेटलेल्या माणसांशी रमी खेळत आहेत, हे दृश्य कायदा होईपर्यंत येथे नित्याचे होते. परदेशातून चालणारी अॅप अजूनही आहेतच, त्यामुळे ते पुरते नाहीसे झाले आहे असेही नाही.

या माणसांपैकी बहुतेकांना पत्ते ओळखीचे होते. पैशांची ऑनलाइन रमी मात्र नवी होती. ती त्यांना कोणी शिकवली? कंपनीनेच शिकवली, आणि मोठ्या आस्थेने शिकवली. प्रथम सरावाचे टेबल. तेथे खोट्या चिपा फुकट मिळतात, हरले तर पुन्हा मिळतात. तेरा पाने, एक शुद्ध सिक्वेन्स अनिवार्य, जोकरचा उपयोग, पहिल्या फेरीतच डाव सोडला तर २० गुण आणि नंतर सोडला तर ४० गुण, पुरते हरल्यास जास्तीत जास्त ८० गुण, हे सारे नियम तासाभरात अंगवळणी पडतात. मग पैशांच्या टेबलावर येण्याचे निमंत्रण, पहिल्या भरण्यावर स्वागताचा बोनस. हा बोनस लगेच काढून घेता येत नाही. त्यासाठी आणखी खेळावे लागते. पत्ते पिसण्यात व वाटण्यात जो वेळ जाई, माणसाला विचार करण्याची जी उसंत मिळे, तीही यंत्राने नाहीशी केली. डाव दोन-चार मिनिटांत संपतो, पुढचा लगेच सुरू होतो. रुपये हातातून जाताना दिसत नाहीत. पडद्यावरचा आकडा बदलतो एवढेच.

सरावाच्या टेबलावर नियम शिकता येतात, खेळ शिकता येत नाही. तेथे समोरचाही बहुधा नवशिकाच असतो आणि त्याचेही काही पणाला लागलेले नसते. कोणते पान टाकले की समोरचा काय ओळखतो, हे कळते ते पैशांच्या टेबलावर. म्हणजे खरे शिक्षण पैसे हरूनच होते. प्रश्न असा की, ही फी किती, आणि ती कोणाकडे जाते?

साधा हिशेब

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हिशेबाचा मोह आवरत नाही. वाचकांनी तो सहन करावा. समजा, दोन खेळाडू रुपयाला एक गुण या दराने शंभर डाव खेळले. प्रत्येक डावात हरणारा सरासरीने ४० रुपये देतो असे धरू, आणि कंपनी प्रत्येक डावातून दहा टक्के, म्हणजे चार रुपये, काढून घेते असे धरू. जुगाराच्या अड्ड्यावर या हिश्शाला नाल म्हणतात. कंपन्या त्याला सेवाशुल्क म्हणत. जिंकणाऱ्याच्या हाती ३६ रुपये पडतात.

दोघेही तुल्यबळ असतील तर प्रत्येकजण पन्नास डाव जिंकेल. त्याची कमाई १,८०० रुपये, तोटा २,००० रुपये. म्हणजे दोघेही दोनशे रुपयांनी बुडाले आणि कंपनीला चारशे मिळाले. कौशल्यात कोणीही कमी नसताना दोघांचेही नुकसान झाले, कारण नाल प्रत्येक डावातून निघत राहते. निव्वळ तोटा टाळायचा तर शंभरात त्रेपन्न डाव जिंकावे लागतील.

आता एक पटाईत आणि एक नवशिका घेऊ. नवशिका चाळीस डाव जिंकतो, म्हणजे तो काही अगदीच ढ नाही. त्याची कमाई १,४४० रुपये, तोटा २,४०० रुपये. तो ९६० रुपये गमावून उठतो. त्यातले ५६० पटाइताच्या खिशात जातात आणि ४०० कंपनीच्या. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. दर बदलले तर रकमा बदलतील, दिशा बदलणार नाही.

येथेच कौशल्याचा युक्तिवाद उलटतो. खेळ निव्वळ नशिबाचा असता तर नवशिका आणि पटाईत यांची पाळी सारखीच आली असती. खेळात कौशल्य जितके अधिक, तितका नवशिक्याचा पराभव अधिक निश्चित. पटाईत खेळाडू एकमेकांशी खेळून श्रीमंत होऊ शकत नाहीत, कारण नाल दोघांनाही झिजवते. त्यांचे उत्पन्न आणि कंपनीचे उत्पन्न चालू राहायचे तर रोज नवे नवशिके टेबलावर आले पाहिजेत. म्हणून नटांच्या व क्रिकेटपटूंच्या जाहिराती, म्हणून स्वागताचा बोनस. ज्या धंद्यात शिकणाऱ्याचे अज्ञान हाच कच्चा माल असतो, त्यात शिकवणाऱ्याला शिष्य शहाणा होण्याची घाई नसते.

केंद्र सरकारच्या अंदाजाप्रमाणे पैशांच्या ऑनलाइन खेळांची झळ ४५ कोटी लोकांना पोचली आणि त्यांचे वर्षाला २०,००० कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले. भागाकार केला तर माणशी सुमारे ४४४ रुपये येतात आणि कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडते? सरासरी येथे फसवी आहे. पुष्कळांनी पन्नास-शंभर रुपये घालवले असतील. उरलेला भार थोड्यांवर, आणि तो आयुष्यभराच्या पुंजीचा, असे अशा व्यवहारांत होत असते. ज्याच्या घरी हंगामाचे कर्ज आहे त्याच्या दहा हजारांचे मोल आणि पगारदाराच्या दहा हजारांचे मोल एक नसते. २००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता, याची आठवण ठेवून या सरासरीकडे पाहिले पाहिजे.

अर्धाच वाचलेला निकाल

रमीला कौशल्याचा खेळ ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६७ चा आहे. सिकंदराबादमधील एका क्लबावर आंध्र प्रदेश सरकारने खटला भरला होता. रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान राखावे व कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो, तेव्हा तिला तीन पत्तीच्या पंक्तीला बसवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कंपन्यांनी हा भाग वर्षानुवर्षे सांगितला. त्याच निकालात पुढे असेही म्हटले आहे की, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून क्लबाचा वा जागेचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. हा भाग जाहिरातीत आला नाही. ज्या धंद्याचे सारे उत्पन्नच डावातल्या पैशांतून निघते, त्याने या निकालाची ढाल करावी, हा चमत्कारिक प्रकार आहे.

राज्यसंस्थेचे हातही स्वच्छ नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लावण्यात आला. याचा अर्थ, दोन वर्षे या व्यवहाराचा एक भागीदार सरकार होते. महाराष्ट्र शासनाने तर १९६९ मध्ये स्वतःचीच लॉटरी सुरू केली होती. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत होते, असा आरोप करणारी चित्रफीत विरोधकांनी प्रसिद्ध केली. आपण खेळत नव्हतो, असे मंत्र्यांनी सांगितले. महिनाअखेर त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. सारी चर्चा मंत्र्याच्या वर्तनाभोवती फिरली. राज्यातील लक्षावधी तरुण ज्या टेबलावर बसले होते, त्याच्या अर्थकारणाविषयी सभागृहात फारसे कोणी बोलले नाही.

महाभारतकारांना मात्र हे अर्थकारण ठाऊक असावे. सभापर्वातील युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, पण ते त्याला येत नाही; शकुनी त्यात निष्णात आहे. नवशिका आणि पटाईत यांच्यातला तो डाव, आणि पणाला राज्य, भाऊ, पत्नी. पुढे वनवासात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला अक्षविद्या शिकवतात. विद्या मिळाली, परंतु सर्वस्व गेल्यानंतर.

एक वेगळे टेबल

मग पत्त्यांचा स्पर्धात्मक खेळ ऑनलाइन शिकूच नये काय? माझे उत्तर, अवश्य शिकावा. मी स्वतः काही वर्षांपासून संगणकावर ब्रिज शिकतो आहे आणि या वयातही त्यातून मनाला मिळणारी चालना मोठी आहे, असा माझा अनुभव आहे. ‘ब्रिज बेस ऑनलाइन’ या संकेतस्थळावर जगभरातील माणसे खेळतात. काही स्पर्धांना तेथेही शुल्क आहे, पण साधे टेबल सर्वांना फुकट खुले असते. जोडीदार कुठल्याशा दूरच्या देशातला, नाव-गाव ठाऊक नाही. भाषा एकच, पत्त्यांची.

ब्रिज हा साहेबांच्या क्लबातला खेळ, आपल्या कार्यकर्त्यांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याला मेंढीकोट येतो त्याला अर्धा ब्रिज आलेलाच असतो. समोरासमोरचे जोडीदार, हुकूम, उतारीच्या रंगाचे पान असेल तर तेच टाकण्याचे बंधन, हात जिंकणे, हे सारे तेच. नवे काय, तर बोली. आपली जोडी तेरापैकी किती हात करील हे आधी सांगावयाचे आणि मग ते करून दाखवावयाचे. नवशिक्यासाठी मोजमाप सोपे आहे: एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. साऱ्या जोडात असे चाळीस गुण. आपल्या हाती बारा-तेरा असले की बोली उघडावी. उतारी झाली की बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराची पाने टेबलावर उघडी मांडली जातात. आपली तेरा आणि ती तेरा, अशी सव्वीस पाने प्रत्येक खेळाडूला दिसतात. उरलेली सव्वीस कुठे असतील हे पडलेल्या पानांवरून ताडावयाचे. इस्पिकाची किती गेली, बदामाची किती उरली, हे मोजण्याची सवय लागायलाच काही महिने जातात.

ब्रिजच्या स्पर्धांत जी पद्धत वापरतात ती आपल्या विचाराच्या माणसांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. एका टेबलावर वाटलेली चार हातांची पाने जशीच्या तशी खणांच्या पाटीत ठेवून पुढच्या टेबलावर नेतात. तेथेही तीच पाने, तोच डाव. अखेरीस तुलना होते ती, त्याच पानांवर इतरांनी काय केले याच्याशी. वाईट पाने आली म्हणून कोणी हरत नाही, कारण तीच वाईट पाने साऱ्यांच्या वाट्याला आलेली असतात. जन्माने मिळालेल्या पानांचा लाभ-तोटा काढून टाकून माणसाच्या बुद्धीची व श्रमाची तेवढी तुलना करावयाची, हे तत्त्व समाजरचनेत आणण्यासाठी आपण किती पिढ्या झगडत आहोत! पत्त्यांच्या या खेळाने ते एका लाकडी पाटीत बसवले आहे.

नवशिक्याला यातून जे मिळते ते मोलाचे आहे. ऑनलाइन डाव संपताच त्याच पानांवर इतर टेबलांवर काय घडले याची यादी समोर येते. आपण आठ हात केले, कोणी दहा केले; ते कसे, हे पान-पान मागे जाऊन पाहता येते. चूक झाली तर गुण जातात, आणि गुण कोणाच्या बँकेत जमा होत नाहीत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार यांनी मिळवले. त्या वेळी बर्धन साठ वर्षांचे होते आणि सरकार छप्पन वर्षांचे. कौशल्याचा खेळ म्हणावयाचा तो हा. त्याला पैशांच्या पणाची गरज पडली नाही.

या जिल्ह्याला हा विचार परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली. हाताने काम करीत शिकावे, हे तिचे सूत्र. टकळीवर बसलेल्या मुलाचा धागा तुटे, सूत जाडेभरडे निघे. पण त्या तुटलेल्या धाग्यावर कोणी नफा कमावत नसे. शिकाऊ माणसाला चुका करण्याची मुभा असणे आणि त्या चुकांची किंमत त्याच्या पोटातून वसूल न होणे, ही शिक्षणाची पहिली अट आहे.

बंदीच्या पलीकडे

कोणी विचारील, पोटाचे प्रश्न समोर असताना पत्त्यांच्या खेळावर एवढी शाई का खर्चावी? याचे उत्तर आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून रविवारची सुटी मागितली आणि १० जून १८९० रोजी ती मिळवली. फुरसत ही कामगाराने झगडून मिळवलेली वस्तू आहे. कामाच्या तासांतून नफा काढणाऱ्या व्यवस्थेला ती फुरसत मोकळी सोडवत नाही; मोबाइलच्या द्वारे तिने कामगाराच्या विसाव्याच्या तासांतही खाण खणली. फुरसत माणसाने कशी घालवावी हे आपण सांगू नये. ती कोणी लुबाडू नये, हे पाहणे मात्र आपले काम आहे.

केवळ बंदीने हे होणार नाही. वर्धा जिल्ह्यात पाच दशकांपासून दारूबंदी आहे. बंदीचा नैतिक आधार मोठा आहे, तिने अनेक स्त्रियांना बळ दिले आहे. पण चोरटी दारू कशी व कुठून येते हेही येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. ऑनलाइन खेळांचे तसेच होईल. देशातील कंपन्या थांबल्या, तरी परदेशातील अॅप बेकायदा मार्गांनी येत राहतील आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याची सोयही खेळणाऱ्याला नसेल. म्हणून अशा अॅपकडे पैसे नेणारे मार्ग रोखण्याची जबाबदारी बँका व सरकार यांच्यावर आपण सतत टाकली पाहिजे. कर्जात बुडालेल्या खेळाडूला गुन्हेगार न मानता उपचार व कर्जातून सुटकेची मदत मिळाली पाहिजे. कायद्याने त्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे गावोगाव सांगितले पाहिजे. भीतीने आणि शरमेने गप्प बसलेला माणूसच सावकाराच्या हाती लागतो.

याहून महत्त्वाचे काम आपल्या हाती आहे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहिली. त्या ग्रंथालयांत, कामगार केंद्रांत, वसतिगृहांच्या सभागृहांत आठवड्यातून दोन संध्याकाळ पत्त्यांची व बुद्धिबळाची टेबले मांडता येतील. खर्च चार जोडांचा आणि एका जुन्या संगणकाचा. शिकवायला माझ्यासारखे निवृत्त लोक रिकामेच आहेत. सावंगीसारख्या गावात रुग्णाजवळ दिवस काढणाऱ्या नातेवाइकाला, रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला, परगावच्या एकट्या विद्यार्थ्याला चौघांत बसून, हरण्याची भीती न बाळगता काही शिकता येईल अशी जागा आज कुठे आहे? ती नाही, म्हणूनच तो मोबाइलमध्ये शिरतो आणि तेथे त्याची वाट पाहत कोणी तरी बसलेले असते.

कंपन्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती: साध्या माणसाला शिकण्याची, चुरशीने खेळण्याची, आपल्या डोक्याचा कस लावून पाहण्याची भूक असते. त्या भुकेवर त्यांनी धंदा उभारला. कायद्याने तो धंदा रोखला आहे, भूक रोखलेली नाही. पुढच्या शाखा-बैठकीत आपल्या गावातील ग्रंथालयाच्या कार्यवाहांना भेटून एक टेबल मिळवण्याचा ठराव करावा, इतकी लहान सूचना मी कार्यकर्त्यांपुढे ठेवतो.